‘सप्रेम भेट’ आणि पुस्तकाची किंमत

हिंगोलीसारख्या जिल्ह्यात वर्षाकाठी काही पुस्तके अशी निघतात, की ज्यांची खबर पुण्या-मुंबईच्या ग्रंथव्यवहाराला कधीच लागत नाही. निवृत्तीच्या उंबरठ्यावर आलेला एखादा शिक्षक आपल्या कवितांचा संग्रह काढतो; कचेरीतला एखादा कारकून वर्षानुवर्षे जमवलेली गावच्या इतिहासाची टिपणे ग्रंथरूप करतो; कोणी आपल्या आईच्या तोंडच्या ओव्या कागदावर उतरवून ठेवतो. प्रकाशक मिळत नाही, म्हणून पदरमोड होते. भविष्य निर्वाह निधीतून रक्कम उचलली जाते. पुढे रीतसर प्रकाशन समारंभ होतो. शाल, श्रीफळ, हारतुरे, पाहुण्यांची लांबलेली भाषणे आणि अखेरीस उपस्थित मान्यवरांच्या हाती एकेक प्रत. पहिल्या पानावर वळणदार अक्षरात ‘सप्रेम भेट’. दुसऱ्या दिवशी मांडव उतरतो आणि उरलेले गठ्ठे घरातल्या पलंगाखाली सरकवले जातात. त्यानंतर त्या पुस्तकाचा खरा वाचक एकच उरतो, तो म्हणजे पावसाळ्यात येणारी वाळवी.

हे चित्र विनोदाने रंगवण्याची चाल मराठीत आहे. हौशी कवी हा तर चेष्टेचा हक्काचा विषय! परंतु या चेष्टेआड एक गंभीर प्रश्न दडून राहतो. पुस्तक छापणे आता पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. खिळ्यांची जुळणी गेली, संगणक आला. हजार प्रतींची सक्ती गेली, शंभर-दोनशे प्रतीही काढता येऊ लागल्या. छपाईचा प्रश्न तंत्राने सोडवला. विक्रीचा प्रश्न मात्र जेथे होता तेथेच आहे, कारण तो तंत्राचा नसून वृत्तीचा आहे. लेखकाला पुस्तक विकण्याची लाज वाटते आणि वाचकाला ते फुकट घेण्याची वाटत नाही. या दोन वृत्तींच्या कात्रीत जिल्ह्याचे वाङ्मय सापडले आहे.

स्वखर्चाने पुस्तक काढणे हे कमीपणाचे लक्षण आहे, ही समजूत प्रथम दूर व्हावयास हवी. मराठी ग्रंथव्यवहाराचा इतिहास तिला मुळीच पाठिंबा देत नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तेव्हा ‘दीनबंधु’सारख्या आपल्याच चळवळीतील पत्राने त्याची पहिली दोन प्रकरणे छापून हात आखडता घेतला. जोतीराव थांबले नाहीत. पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी जाऊन त्यांनी तो ग्रंथ लोकांना वाचून दाखवला. छापखान्याचे दार बंद झाले म्हणून वाचकाचे दार बंद होत नाही, हे त्यांनी एकोणिसाव्या शतकात दाखवून दिले. श्रीधर व्यंकटेश केतकरांची गोष्टही अशीच आहे. ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे २३ खंड काढावयाचे, तर तेवढे धाडस कोणत्या प्रकाशकाने केले असते? केतकरांनी कंपनी स्थापन केली, भाग विकले, आगाऊ वर्गणीदार मिळवले आणि १९२० पासून दशकभरात काम तडीस नेले. पुढे या खटाटोपाची हकीकत सांगणारे स्वतंत्र पुस्तकही त्यांनी लिहिले. ज्ञानकोशाच्या कर्त्याला विक्रीची लाज वाटली असती, तर मराठीला ज्ञानकोश मिळाला नसता.

परदेशी उदाहरण हवे असल्यास हेन्री डेव्हिड थोरोचे घ्यावे. या अमेरिकन लेखकाचे पहिले पुस्तक १८४९ साली त्याच्याच जोखमीवर निघाले. हजार प्रती छापल्या गेल्या आणि चार वर्षांनी प्रकाशकाने त्यांतील ७०६ प्रती त्याच्या घरी परत पाठवल्या. थोरोने त्या माडीवर रचून ठेवल्या आणि आपल्या ग्रंथसंग्रहातील बहुतेक पुस्तके आपणच लिहिलेली आहेत, अशी थट्टा दैनंदिनीत केली. त्यानंतर वर्षभराने, १८५४ साली, त्याचे ‘वॉल्डन’ बाहेर पडले. पलंगाखालचे गठ्ठे म्हणजे लेखकाचा शेवट नव्हे, एवढा दिलासा हिंगोलीच्या लेखकाने यातून जरूर घ्यावा. मात्र गठ्ठे पडून राहिले म्हणून आपण थोरो ठरतो, असा उलटा अर्थ काढू नये.

आता जरा हिशेबाकडे वळावे. साहित्याच्या चर्चेत हिशेब आणणे आपल्याकडे अप्रशस्त मानले जाते. पण घर चालवणाऱ्या माणसाला हिशेब टाळता येत नाही. समजा, एका शिक्षकाने पुस्तकाच्या ५०० प्रती काढल्या आणि दर प्रतीस ८० रुपये खर्च आला. म्हणजे ४०,००० रुपये अडकले. पुस्तकाची किंमत ठेवली १५० रुपये. या प्रती त्याने स्वतः वाचकाच्या हाती देऊन विकल्या, तर २६७ प्रती संपताच त्याची गुंतवणूक सुटते. त्याच प्रती दुकानदारामार्फत ४० टक्के कमिशनने विकावयाच्या ठरल्या, तर लेखकाच्या पदरी प्रतीमागे ९० रुपये पडतात आणि खर्च भरून येण्यास ४४५ प्रती खपाव्या लागतात. आता त्यात ‘सप्रेम भेट’ मिळवावी. समारंभात आणि नंतर ओळखीपाळखीत १०० प्रती वाटल्या गेल्या, तर उरतात ४००. त्या सगळ्याच्या सगळ्या दुकानात खपल्या, तरी हाती येतात ३६,००० रुपये. म्हणजे एकही प्रत शिल्लक न राहता लेखक ४,००० रुपयांनी खाली जातो! दुकानदाराच्या कमिशनविषयी लेखक कडवटपणे बोलतात. पण दुकानदार त्या कमिशनात जागेचे भाडे, नोकराचा पगार आणि उधारी सोसतो. लेखकाला खड्ड्यात लोटतात त्या त्याने आपल्याच हाताने वाटलेल्या शंभर प्रती.

फुकट प्रतीचा तोटा केवळ पैशांचा असता, तर तोही सोसता आला असता. त्याहून मोठा तोटा असा, की फुकट मिळालेले पुस्तक बहुधा वाचलेच जात नाही. ज्याने दीडशे रुपये मोजले, तो निदान ते वसूल करण्यासाठी चार पाने उलटतो. आवडले तर शेजाऱ्याला सांगतो, न आवडले तर लेखकाला जाब विचारतो. भेट मिळालेला माणूस भिडेपोटी ‘छान झाले आहे’ म्हणतो आणि प्रत कपाटात टाकतो. अशा कौतुकाने लेखकाची वाढ खुंटते. आपण लिहिले ते कोणाच्या उपयोगी पडले, कोठे फसले, कोणते पान कोणाला रडवून गेले, हे त्याला कधीच कळत नाही. भेट दिलेल्या शंभर प्रतींतून जे कळत नाही, ते विकलेल्या दहा प्रतींतून कळते.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जाईल आणि तो रास्तही आहे. स्वखर्चाने निघणारी बरीच पुस्तके कच्ची असतात. त्यांना संपादकाचा हात लागलेला नसतो, मुद्रणदोषांची रेलचेल असते, प्रस्तावनेत कवीची तुलना थेट तुकोबांशी केलेली असते. असली पुस्तके वाचकाने केवळ लेखक आपल्या तालुक्याचा आहे म्हणून विकत घ्यावीत काय? घेऊ नयेत. जिल्ह्याचा अभिमान ही वाङ्मयाची कसोटी होऊ शकत नाही. परंतु हा आक्षेप ‘विकू नका’ असे सांगत नाही. तो ‘विकण्याजोगे करा’ असे सांगतो. ज्या वस्तूची किंमत मागावयाची, ती वस्तू चोख हवी, हे बाजारात बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या परिसरातला शेतकरी हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून मगच सौद्यावर आणतो. ओली, माती लागलेली गड्डी आणून ‘गोड मानून घ्या’ असे म्हणत नाही. लेखकाने हस्तलिखित छापखान्यात देण्यापूर्वी दोन कठोर मित्रांना, एका व्याकरण जाणणाऱ्या शिक्षकाला आणि शक्य तर एका अगदी परक्या वाचकाला दाखवावे. जोतीरावांप्रमाणे चार ठिकाणी वाचून पाहावे. ऐकणारे कोठे चुळबुळ करतात आणि कोठे स्तब्ध होतात, याहून चांगला संपादक खेड्यात दुसरा मिळणार नाही.

या मातीला अशा वाचनाची सवय नाही, असे कोण म्हणेल? परंपरेने नरसी हे संत नामदेवांचे जन्मगाव. नामदेवांनी आपला शब्द कीर्तनातून पोहोचवला. तो पंजाबपर्यंत गेला आणि त्यांची ६१ पदे शीख बांधवांच्या गुरू ग्रंथसाहिबात स्थिरावली. २०१५ साली त्यांच्या स्मृतीने पावन झालेल्या घुमान येथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा तेथे पुस्तके खपणार नाहीत म्हणून प्रकाशकांनी आरंभी बहिष्काराची भाषा केली होती. प्रकाशकांचा हिशेब त्यांच्या परीने चुकीचा नव्हता. पण ज्या महापुरुषाने छापखाना, दुकान आणि वितरक यांपैकी काहीही नसताना आपला शब्द नरसीहून घुमानला नेला, त्याच्या नावाच्या संमेलनात हा हिशेब व्हावा, यातली विसंगती विचार करावयास लावणारी आहे. अलीकडचे उदाहरण द्यावयाचे, तर वसमत तालुक्यातील रिधोऱ्याचे इंद्रजित भालेराव यांची कविता ‘पीकपाणी’ या १९८९ सालच्या संग्रहापासून जितकी पुस्तकातून पोहोचली, तितकीच व्यासपीठावरच्या वाचनातून पोहोचली. कळमनुरी तालुक्यातील नांदापूर येथे १९३२ साली जन्मलेले नरहर कुरुंदकर गावोगाव व्याख्याने देत हिंडले आणि त्यांच्या ग्रंथांना वाचक या श्रोत्यांतूनही मिळत गेला. आधी श्रोता, मग वाचक, मग ग्राहक हा क्रम या प्रदेशाच्या अंगवळणी पडलेला आहे. शाल-श्रीफळाच्या समारंभाने तो मोडला. तेथे पाहुण्यांची भाषणे तासभर होतात आणि पुस्तकातले एक पानही वाचले जात नाही.

मग पुस्तक विकावे कोठे? जिल्ह्यात जागांची वाण नाही. हिंगोलीचा दसरा महोत्सव दीडशे वर्षांहून अधिक काळ चालत आला आहे आणि त्या दिवसांत मैदानावर पंचक्रोशी लोटते. त्याच दसऱ्याच्या सुमारास नागपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी येणारे लोक परतताना पुस्तकांच्या पिशव्या घेऊन जातात. त्यांत कष्टकरी असतात, पहिल्या पिढीचे विद्यार्थी असतात. तेथे स्वतः छापलेली पुस्तिका स्वतः मांडून बसलेला लेखक कोणाला खाली मान घालावयास लावत नाही. ६ डिसेंबरला मुंबईच्या चैत्यभूमीजवळही हेच दृश्य दिसते. ज्या वर्गाला ग्रंथ नाकारले गेले, त्या वर्गाने ग्रंथ विकत घेण्याचा सण केला, ही महाराष्ट्राने शिकण्याजोगी गोष्ट आहे. हिंगोलीच्या दसऱ्यात जिल्ह्यातील लेखकांसाठी एक मांडव राखून ठेवण्यास कितीसा खर्च येईल? आषाढीनंतर नरसीला परतवारी भरते, महाशिवरात्रीला औंढा नागनाथाची यात्रा भरते. चार लेखकांनी मिळून एक टेबल, एक फलक आणि एक पावतीपुस्तक एवढ्या भांडवलावर तेथे बसता येईल. एकट्याने बसण्याचा संकोच चौघांत निम्मा होतो आणि दुसऱ्याचे पुस्तक आग्रहाने विकणे स्वतःच्या पुस्तकापेक्षा सोपे जाते.

दुसरी जागा ग्रंथालयांची. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ सालचा. त्यान्वये मान्यता मिळालेली वाचनालये शासनाचे अनुदान घेतात आणि त्यातून ग्रंथखरेदी करतात. ही खरेदी अनेकदा सवलतीचा टक्का पाहून एकगठ्ठा होते. अशा गठ्ठ्यात जिल्ह्यातील लेखकाचे पुस्तक येण्याचा संभव थोडा. प्रत्येक वाचनालयाने ‘आपला जिल्हा’ असे एकच फडताळ ठेवून हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत या पाच तालुक्यांतील पुस्तकांची एकेक प्रत, नीट पारखून, पूर्ण किमतीला घेतली, तर लेखकाला आधार मिळेल आणि पन्नास वर्षांनी जिल्ह्याचा इतिहास लिहिणाऱ्याला साधने मिळतील. जिल्हा ग्रंथोत्सवातही परगावच्या पाहुण्यांच्या भाषणांपेक्षा या फडताळाला अधिक जागा द्यावी.

लेखकानेही काही गोष्टी शिकून घ्यावयास हव्यात. जो स्वतः छापतो, तोच कायद्याच्या दृष्टीने प्रकाशक. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्याप्रमाणे त्याने कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील नियुक्त ग्रंथालये यांना प्रत पाठवावयाची असते. या चार प्रती मात्र खऱ्या अर्थाने सत्कारणी लागतात, कारण त्यांमुळे घरची वाळवी काही करो, पुस्तक देशाच्या दप्तरी राहते. ग्रंथाचा आंतरराष्ट्रीय मानक क्रमांक भारतात विनामूल्य मिळतो. पुस्तकाच्या विक्रीवर वस्तू व सेवा कर नाही. डिसेंबर २०२४ मध्ये नोंदणीकृत पुस्तक-टपालाची जुनी सोय बंद झाली, तेव्हा लहान प्रकाशकांत खळबळ उडाली. परंतु १ मे २०२५ पासून टपाल खात्याने ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केली असून तीत ३०० ग्रॅमपर्यंतचे पुस्तक २० रुपयांत पाठवण्याची सोय करण्यात आली. नवोदितांच्या पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनुदान योजना आहे. या साऱ्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे पूर्वनोंदणी. केतकरांनी ज्ञानकोशासाठी जे केले, तेच लहान प्रमाणावर करावे. छपाईपूर्वी शंभर वाचकांकडून सवलतीची रक्कम घेऊन पावती द्यावी. शंभर माणसे सापडत नसतील, तर पाचशे प्रती काढण्याचा विचार सोडून दोनशेच काढाव्यात. कर्ज काढून फजिती पदरी घेण्यापेक्षा हा शहाणपणा बरा.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळले पाहिजे. विक्री म्हणजे सक्ती नव्हे. मुख्याध्यापकाने आपले पुस्तक सहशिक्षकांच्या गळ्यात मारावे, अधिकाऱ्याने हाताखालच्या कर्मचाऱ्यांकडून पन्नास-पन्नास प्रतींचे पैसे गोळा करावेत, किंवा विद्यार्थ्यांच्या शुल्काबरोबर कवितासंग्रहाची किंमत वसूल व्हावी, हे प्रकार ग्रंथप्रसाराचे नसून ग्रंथद्वेषाचे आहेत. ज्याला ‘नाही’ म्हणण्याची सोय नाही, तो ग्राहक नव्हे. अशा खपाने पैसे मिळतील, वाचक मिळणार नाही. उलट पुस्तक या वस्तूविषयीच त्याच्या मनात अढी बसेल. नोकरीत असलेल्याने आपल्या सेवेचे नियम वाचून घ्यावेत आणि खुर्ची व पुस्तक यांत अंतर राखावे.

शेवटी प्रश्न उरतो तो असा, की एवढा खटाटोप कशासाठी? दोन-चारशे प्रतींचे हे पुस्तक न खपले, तर मराठीचे काय अडते? अडते ते असे. कयाधूकाठच्या बोलीतले शब्द, हळद शिजवण्याच्या जुन्या रीती, हैदराबाद मुक्तिसंग्रामात १९४८ पर्यंत या गावांनी सोसलेले दिवस, दुष्काळात गाव सोडून गेलेल्या कुटुंबांच्या कहाण्या, यांवर पुण्याचा प्रकाशक आपण होऊन पैसे लावणार नाही. त्याच्या दृष्टीने हा बाजार लहान आहे आणि ते खरेही आहे. हे लिहिणार तो येथलाच शिक्षक आणि येथलाच कारकून. परभणीचे बी. रघुनाथ सरकारी कचेरीत कारकुनी करीत लिहिते राहिले आणि ७ सप्टेंबर १९५३ रोजी कचेरीतच कामावर असताना त्यांची प्राणज्योत मालवली. त्या काळी हिंगोली परभणी जिल्ह्यातच होती. अशा माणसांनी लिहिलेले त्यांच्याच गावाने विकत घेतले नाही, तर पुढचा कारकून लेखणी खाली ठेवतो. आणि त्याच्याबरोबर जे जाते, ते कोणत्याही छापखान्यातून परत छापून मिळत नाही.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याचा आनंद गावोगाव साजरा झाला, तो योग्यच होता. परंतु भाषा जगते ती शासननिर्णयावर नव्हे, तर वाचकाच्या खिशातून निघणाऱ्या दीडशे रुपयांवर. हिंगोलीच्या शिक्षकाने, कारकुनाने, विद्यार्थ्याने वर्षाकाठी जिल्ह्यातील एका लेखकाचे एक पुस्तक चाळून, आवडल्यास, पूर्ण किमतीला घ्यावे. आणि पुढच्या प्रकाशन समारंभात लेखकाने ‘सप्रेम भेट’ लिहिण्यासाठी लेखणी उघडली, तर समोरच्याने प्रत हाती घेण्यापूर्वी एवढेच विचारावे: “किती रुपये?” लेखकाचा त्याहून मोठा सत्कार कोणत्याही शालीने होणार नाही.